उसना चेहरा

हिवाळा सरत आला होता अशा एका रविवारी, सकाळच्या न्याहारीच्या वेळी, नदीवरील जुन्या पुलासमोर उभ्या असलेल्या एका मध्यम प्रतीच्या हॉटेलच्या तळमजल्यावरील भोजनगृहात, खिडकीलगतच्या टेबलाशी, एका चहापरीक्षकाने समोर बसलेल्या आपल्या बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि त्या चेहऱ्यावर त्याला काहीही दिसले नाही. काहीही न दिसणे ही वस्तुतः बातमी नव्हे. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर न्याहारीच्या वेळी काही दिसावे असा नियम नाही, आणि असता तरी संसाराच्या इतक्या वर्षांत त्याने त्याची दखल घेतलेली नव्हती. परंतु गेले दोन महिने हा गृहस्थ बायकोच्या चेहऱ्यावर जगत होता. तिने ऑम्लेटचा पहिला तुकडा तोंडात घातला तेव्हा त्याचा काटा बशी आणि ओठ यांच्या मधोमध थांबला होता, बाहेर खाताना हल्ली थांबे तसाच. आणि ती चावत होती, गिळत होती, खिडकीबाहेरच्या पुलाकडे पाहत होती, पण चेहरा मात्र फळ्या लावून बंद केलेल्या दुकानासारखा होता. ‘‘थांबलात का? खा ना,’’ ती म्हणाली. त्याने खाल्ले. तोंडात काहीतरी ऊन आणि मऊ फिरले. ‘‘कसं आहे?’’ तिने विचारले. ‘‘ठीक आहे.’’ ‘‘ठीक?’’ ती पावाला लोणी लावू लागली. ‘‘तुम्ही आणि ठीक. नशीब काढलं या हॉटेलवाल्यांनी.’’ बोलणे थट्टेचेच होते. पण थट्टा करणाऱ्याच्या चेहऱ्यावर थट्टा दिसावी लागते, तीही दिसेना, तेव्हा त्याला, जिन्यावरची एक पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि ती नसावी, तसे झाले.

झाले होते ते असे. दोन महिन्यांपूर्वी त्याला ताप आला, आठवड्याने उतरला, आणि उतरताना नाक घेऊन गेला. नाक म्हणजे नाकाची आकृती नव्हे. ती चेहऱ्याच्या मध्यभागी पूर्ववत शोभेपुरती उरलीच. वास गेला, आणि वासाबरोबर चव गेली. जिभेवर राहिले ते गोड, खारट, आंबट, कडू हे ढोबळ भेद आणि तुरटपणाचा खरखरीत स्पर्श. ज्याला त्याच्या धंद्यात खरी चव म्हणत ती जिभेची नसतेच, ती घशामागून नाकात चढते, हे तो स्वतः नव्या उमेदवारांना समजावून सांगत आला होता. आता तो समोरच्या ओळीतल्या कपांपुढे उभा राही, चमचाभर चहा आवाज करून ओढी, टाळूवर फिरवी, पिकदाणीत टाकी, आणि तोंडात ऊन पाण्याखेरीज काहीच घडलेले नसे. शाखेतली नोकरी त्याने टिकवली ती शेजारी तोच चहा चाखणाऱ्या सहायकाच्या भुवयांवर. घरातली अब्रू टिकवली ती बायकोच्या चेहऱ्यावर. गावातल्या डॉक्टरकडे तो गेला नाही, कारण डॉक्टर शाखेच्या व्यवस्थापकाबरोबर पत्ते खेळे. आणि मुख्य कचेरीतून निवृत्त होणाऱ्या थोरल्या परीक्षकांनी आज संध्याकाळी त्याला या शहरातल्या आपल्या घरी पत्नीसह चहाला बोलावले होते. थोरल्यांची ख्याती साऱ्या धंद्यात होती: आपली जागा कोणाला द्यायची हे ते कचेरीतल्या चाखणीच्या खोलीत ठरवीत नसत. तिथे प्रत्येक जण कान टवकारलेल्या कुत्र्यासारखा सावध असतो, असे ते म्हणत. माणसाची जीभ बघायची तर ती गप्पांत गुंतलेली असताना बघावी. म्हणून ते घरी बोलावीत, स्वतः तीन किटल्यांतून चहा ओतीत, हवापाण्याचे बोलत आणि मध्येच विचारीत, ‘‘कसा वाटला?’’ तिन्हींत कधी एक नासलेला असे, कधी एकही नसे, कधी तिन्ही. ती जागा मिळाली तर कप चाखायला हाताखाली चार माणसे असतात, मुख्य परीक्षकाने नुसती मान हलवायची असते; म्हणजे नाकाशिवाय निवृत्तीपर्यंत जाता आले असते. न मिळाली तर शाखेतला सहायक आज ना उद्या भुवया उचलणे बंद करील आणि त्याच्याकडेच पाहत राहील. सारा हिशोब या संध्याकाळवर येऊन ठेपला होता, आणि संध्याकाळचा हिशोब समोरच्या चेहऱ्यावर.

शहर पाहायचे ही कल्पना तिची. ‘‘एवढ्या लांब आलोय, तर दिवसभर खोलीत बसून तुमची जीभ राखत बसायची का?’’ असे तिने गाडीतच विचारले होते, आणि नकाशावर खुणा करून ठेवल्या होत्या. पहिली खूण मनोऱ्याची. चढताना ती पुढे होती आणि तो मागून तिच्या मानेकडे पाहत होता. मान काही सांगत नसते. वर वारा होता. खाली नदी, नदीवर पूल, पुलांवर मुंग्यांएवढी माणसे, सारे कसे आखीव आणि निर्गंध. ती कठड्याला टेकली आणि डोळे बारीक करून म्हणाली, ‘‘खाली कुठेतरी पाव भाजतायत. वास येतोय ना?’’ ‘‘येतोय तर,’’ तो तत्परतेने म्हणाला, ‘‘जरा जास्तच भाजलाय.’’ तिने वाऱ्याने उडणारे केस कानामागे सारले. ‘‘मला नाही येत. मी आपलं तुम्हाला विचारलं.’’ त्याने कठड्याचे थंड लोखंड घट्ट धरले. सहज बोलली असेल. बायका बोलतात. त्याने मनाशी युक्तिवाद मांडला, जसा तो नेहमीच मांडीत असे: तिला कळले असते तर ती बोलली असती, बोलली नाही, त्या अर्थी कळलेले नाही. यातला कच्चा दुवा त्याला तिथेच दिसला. इतक्या वर्षांत तिला जे जे कळले त्यातले तिने काय बोलून दाखवले होते, हे त्याला ठाऊक नव्हते. कारण त्याने विचारलेच नव्हते.

लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाची पंगत त्याला त्या मनोऱ्यावर का आठवावी? त्याची आई, दोन आत्या, काका, चुलतभावंडे, सगळी नव्या सुनेच्या हातचे जेवायला बसलेली. ती दारात उभी, हातात वाढायची पळी. त्याने भाताचा पहिला घास घेतला आणि तोंडात फिरवला, धंद्यात नुकताच शिकला होता तसा. घशामागे त्याला पोत्याच्या तळाच्या तांदळाला लागलेली ओल लख्ख दिसली. दिसलीच म्हणायची, इतकी ती स्पष्ट होती. त्याने घास गिळला नाही. ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि एकच शब्द उच्चारला: ‘‘कुबट.’’ आई हसली. ‘‘आमच्या घरात न्याय असतो हो, लाड नसतात,’’ ती सुनेला म्हणाली आणि सगळे हसले. तांदूळ आईनेच काढून दिला होता, हे त्याला पुढे कधीतरी कळले. पण निर्णय मालावर असतो, माल कोणी भरला यावर नसतो. त्या दिवसापासून घरात रीतच पडली. पहिला घास त्याचा. त्याने शब्द उच्चारेपर्यंत कोणी जेवायला सुरुवात करायची नाही. सपाट. कच्चं. करपट. जड. पोरगी बोलायला लागली तेव्हा ती ताट पुढे ओढून विचारी, ‘‘बाबा, आज आई पास का नापास?’’ आणि तोही हसे. त्यात दुष्टपणा होता असे त्याला कधी वाटले नाही, आजही वाटत नव्हते. दोष असताना दोष नाही म्हणणे ही लबाडी. दोष दाखवणे ही वस्तूची प्रतिष्ठा. या सिद्धांतावर तो कोणाशीही, कितीही वेळ वाद घालू शकला असता. फक्त गेल्या दोन महिन्यांत एक गोष्ट त्या सिद्धांताच्या चौकटीत बसेना: आता तो शब्द उच्चारी तो तिचा चेहरा वाचून. ती वाढताना धास्तावलेली दिसली की तो म्हणे, ‘‘सपाट.’’ म्हणजे तिची धास्तीच तो तिला शिक्षा म्हणून परत वाढीत होता. हे त्याच्या ध्यानात आले होते. आणि ध्यानात येऊनही त्याने ते थांबवले नव्हते, कारण अचानक दयाळू झालेला परीक्षक संशयास्पद दिसतो.

मनोऱ्यावरून ती दोघे छपराच्या बाजारात गेली. तिने हातमोजे पाहिले, कात्र्या पाहिल्या, एका म्हाताऱ्या विक्रेतीशी घासाघीस केली आणि न घेताच पुढे निघाली. तो मागून सदऱ्याची बटणे चाचपीत चालला होता आणि दगडी खांबांच्या बांधणीविषयी काही मुद्देसूद सांगत होता. बाजाराच्या मागच्या गल्लीत वळल्यावरही त्याचे बोलणे चालूच राहिले. कमानीचा भार खांबावर कसा उतरतो, हे तो हाताने दाखवीत होता, आणि बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आले की गल्लीतली सगळी माणसे तोंडावर रुमाल धरून लगबगीने चालली आहेत, एक बाई मूल छातीशी दाबून जवळजवळ पळते आहे, आणि आपल्या बुटांशेजारी, भिंतीलगत, उन्हात, कालच्या न विकल्या गेलेल्या माशांचा ढीग पडला आहे. त्याचे वाक्य तुटले. त्याने खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला. उशीर झाला होता. ती नाक न झाकता उभी होती. डोळ्यांत पाणी आले होते, ओठ पांढरे पडले होते, पण ती तो सारा वास सोसून त्याच्याकडे पाहत होती. आणि आता तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होते, फक्त ते काय, हे त्याला वाचता येईना. ‘‘पुढे सांगा ना,’’ ती म्हणाली. ‘‘भार खांबावर उतरतो. मग?’’

अत्तराच्या दुकानात जायचे नाही असे त्याने गल्लीच्या टोकापर्यंत ठरवून टाकले होते, आणि ती दाराशी थांबली तेव्हा तो आत गेला. नाही म्हणायला कारण लागते, आणि त्याच्यापाशी खरे कारण एकच होते. आत काचेच्या कपाटांत कुप्या उभ्या, गल्ल्यामागे काळ्या पोशाखातली एक तरुण विक्रेती. तिने कागदाच्या पट्ट्यांवर थेंब सोडून त्या बायकोच्या हातात दिल्या, बायकोने एकेक हुंगून बाजूला ठेवली आणि मग हौसेने म्हणाली, ‘‘आमच्या यांना विचारा. यांचं नाक म्हणजे सरकारी वजनमाप. सबंध कचेरी चालते त्याच्यावर.’’ विक्रेती अदबीने हसली. बायकोने दोन्ही मनगटे पुढे केली, मग एक मागे घेतले आणि उरलेले त्याच्या नाकाशी धरले. पांढऱ्या कातडीखाली निळी शीर उडत होती. ‘‘सांगा, कसला वास?’’ त्याने डोळे मिटले, जसा कामावर मिटीत असे, श्वास ओढला, आत थंड हवा गेली. ‘‘फुलांचा,’’ तो म्हणाला. ‘‘कुठल्या?’’ ‘‘पांढऱ्या. मागून थोडं लाकूड येतंय. जरा भडकच आहे. तुला नाही शोभायचं.’’ विक्रेती पट्ट्या गोळा करू लागली, नको तितक्या काळजीने. ‘‘या हाताला मी काही लावलंच नव्हतं हो,’’ बायको म्हणाली, शांतपणे, भाजीवालीला सुटे नाहीत असे सांगावे तसे. आणि मग तिने त्या विक्रेतीकडून सगळ्यात लहान कुपी बांधून घेतली.

नदीकाठच्या बागेत एका बाकावर ती दोघे बसली. मग त्याने सांगितले. ताप, नाक, सहायकाच्या भुवया, संध्याकाळच्या तीन किटल्या, सारे क्रमाने, मुद्दे न गाळता. कबुली देतानाही त्याची वाक्ये नीट जुळवलेली होती. ती कुपीच्या पुडीची दोरी बोटाला गुंडाळीत ऐकत होती. ‘‘मला महिन्यापूर्वीच कळलं,’’ ती म्हणाली. ‘‘दूध करपलं होतं. खाली लागून पार काळं झालेलं. टाकून देणार होते, मग म्हटलं, वाढून तर बघू. तेच घालून गोड केलं आणि हसत आणून ठेवलं. तुम्ही काय म्हणालात आठवतंय?’’ त्याला आठवत होते. ‘‘म्हणालात, आज जमलंय. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.’’ ती हसली नाही. ‘‘मी मोरीत जाऊन रडले. आधी आनंदानेच रडायला लागले होते, काय सांगू. मग आठवलं की करपलंय.’’ तो म्हणाला, ‘‘संध्याकाळी तू फक्त माझ्यासमोर बस. एवढंच.’’ ‘‘बसेन की. कधी बसले नाही?’’ ‘‘तसं नव्हे. मला तुझा चेहरा दिसला पाहिजे. आणि सकाळसारखा बंद नको.’’ ‘‘पण त्या दुधाच्या दिवशी फसलातच ना चेहऱ्याला? मग त्याच्यावर काय भरवसा?’’

येथे त्याच्यातला परीक्षक जागा झाला. अडचणीतून सुटका दिसू लागली की माणसाला धीर येतो, आणि या माणसाला धीर आला की तो पद्धत समजावून सांगू लागे. त्या दिवशी आपण नवखे होतो, तो म्हणाला. नुसते हसू वाचीत होतो, आणि हसू हे मालावरच्या वेष्टनासारखे, कोणीही गुंडाळावे. नंतर आपण वेष्टनाखालचे वाचायला शिकलो. ‘‘तुला खरंच काही आवडलं ना, की गिळायच्या आधी तुझे डोळे मिटतात. एवढेसेच. पापणी लवावी त्याहून किंचित जास्त. आणि नाकपुड्या सैल पडतात. बिघडलेलं काही तोंडात आलं की डाव्या गालात आतून खळगा पडतो, जणू गाल तुझ्या नकळत मागे सरतो. कडवट असेल तर हनुवटी. जुनाट, ओल लागलेलं असेल तर खळगा, आणि मग जीभ एकदा वरच्या दातांवरून फिरते. हे तुझं तुला माहीत नाही, म्हणूनच ते खरं आहे. ठरवून करताच येणार नाही.’’ आपल्या निरीक्षणाच्या नेमकेपणाने त्याचा आवाज उजळला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळे नसते. पण हात दाखवणाऱ्याला त्या वेळी आपला हात फारच देखणा वाटत असतो. तिने डाव्या गालाला बोट लावून पाहिले, जणू तो गाल आत्ताच कोणी तिला आणून दिला होता. ‘‘इतकं बघितलंत माझ्याकडे?’’ ती म्हणाली. ‘‘कधी?’’ ‘‘या दोन महिन्यांत.’’ ‘‘आणि त्याच्या आधी?’’ नदीतून एक होडी चालली होती. तो पुलाखाली जाणाऱ्या होडीकडे पाहू लागला, आणि बायकोनेच त्याला सोडवले. ‘‘चला. भूक लागली. जेवताना तालीम करू तुमची.’’

ते जेवण त्याच्या आयुष्यातले कदाचित सर्वांत सुखाचे जेवण असावे. पुलाच्या पलीकडे, टेबलांवर पांढरी कापडे अंथरलेले लहानसे उपाहारगृह. दुपार कलत आलेली. शेजारच्या टेबलावर एक जोडपे मुक्याने भांडत होते. सूप आले. तिने चमचा तोंडात घातला, आणि चेहऱ्यावरच्या फळ्या एकेक करून निघाल्या. डोळे लवले, नाकपुड्या सैल पडल्या. ‘‘चांगलं आहे. लोणी ताजं,’’ तो पुटपुटला, आणि तिने मान हलवली. माशावरच्या रस्स्याला गालात खळगा पडला, हनुवटी आखडली. त्याने वाढप्याला बोलावून सांगितले, ‘‘रस्सा करपलाय.’’ वाढपी आत गेला, आचारी बाहेर आला, हात पुशीत म्हणाला, ‘‘माफ करा साहेब, खाली थोडा लागला होता. पण आजवर कोणी ओळखलं नाही.’’ आचारी गेल्यावर ती दोघे एकमेकांकडे पाहून हसू दाबू लागली, शाळेत मास्तरांची नक्कल करून सुटलेल्या पोरांसारखी. तिने टेबलाखालून त्याच्या पावलावर पाऊल ठेवले. कितीतरी वर्षांत तिच्या पायाचा भार असा त्याला जाणवला नव्हता. एक चेहरा दोघांत पुरतो, असे काहीतरी त्याला वाटून गेले, आणि ते त्याने बोलून दाखवले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. तेवढ्यात फळांची मिठाई आली. तिने घास घेतला आणि डोळे मिटले. या खेपेला क्षणभर नव्हे, चांगले दोन श्वास. तो तृप्तीने मागे रेलला. आचाऱ्याच्या माफीने फुललेला अधिकार अजून अंगात होता, आणि जीभ सवयीची गुलाम. ‘‘हे असं तुझ्या हाताला कधी उतरलं नाही,’’ तो म्हणाला. तिने डोळे उघडले. ‘‘तुम्हाला चव लागली?’’ ‘‘मला कुठली लागायला. तुझे डोळे मिटले ना. घरी तुझं तुला जेवताना ते कधी मिटलेले पाहिले नाहीत मी.’’ तो हे प्रेमाने म्हणाला. पुराव्याने सिद्ध झालेले विधान प्रेमाने करता येते अशी त्याची समजूत होती. तिने उरलेली मिठाई हळूहळू, शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. रुमालाने ओठ टिपले, रुमालाची घडी केली, घडीवर नख फिरवले. ‘‘खरं आहे,’’ ती म्हणाली, ‘‘निरीक्षण बरोबर आहे तुमचं.’’ टेबलाखालचे पाऊल कधी मागे गेले, हे त्याला कळले नाही; पावले तो वाचीत नसे.

थोरल्यांचे घर जवळच होते. चालत जाताना वाटेत ती एका दुकानाच्या आरशापुढे थांबली, केस सारखे केले, चेहरा एकदा डावीकडे वळवला, एकदा उजवीकडे. ‘‘बरी दिसतेस,’’ तो म्हणाला. ‘‘बघत्येय काय काय आहे ते,’’ ती म्हणाली. थोरल्यांनी स्वतः दार उघडले. उंच, वाळलेले, डोळ्यांखाली पिशव्या लोंबणारे गृहस्थ. बैठकीत पडदे अर्धे ओढलेले, मध्ये गोल टेबल, त्यावर लोकरीच्या टोप्या घातलेल्या तीन किटल्या. ‘‘या वहिनी, तुम्ही इकडे बसा. नदी दिसेल.’’ ती त्याच्या अगदी समोर बसली. उजेड तिच्या चेहऱ्यावर पडत होता. याहून चांगली जागा त्याने स्वतः निवडली नसती. थोरले शहराविषयी बोलू लागले, पुलांविषयी, गुडघेदुखीविषयी. मनोरा चढलात का, आम्ही तरुणपणी पैजेने चढत असू. पहिल्या किटलीतला चहा ओतला गेला. तिने घोट घेतला. डोळे लवले. तो थोरल्यांच्या गुडघ्याविषयी एक वाक्य पुरे करून म्हणाला, ‘‘कोवळी पानं आहेत. भाजणी बेताची. छान.’’ थोरल्यांनी दुसरी किटली उचलली. या वेळी तिची हनुवटी किंचित आखडली. ‘‘याला आच जास्त लागली,’’ तो म्हणाला, ‘‘माल चांगला होता, घाईने मारला.’’ थोरल्यांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या किंचित वर सरकल्या. तेच त्यांचे हसणे असावे. ‘‘वहिनी, यांना घरी वाढणं म्हणजे रोजचीच परीक्षा असेल तुमची.’’ ‘‘सवय होते,’’ ती म्हणाली. ‘‘पोरगी तर म्हणायची, आई आज पास का नापास.’’ सगळे हसले. त्याला घरच्यासारखे वाटले. खुर्चीचा हात मऊ होता, नदीवर ऊन तांबूस होत चालले होते, आणि समोर, उजेडात, त्याचे नाक बसले होते. सुरक्षित, कामावर हजर, स्वतःच्या नाकाहून आज्ञाधारक.

तिसरा चहा थोरल्यांनी जरा सावकाश ओतला. त्याने आपला कप उचलला, घोट घेतला, ऊन पाणी टाळूवर फिरवले आणि तिच्याकडे पाहिले. तिने कप दोन्ही हातांत धरला होता. घोट घेतला, आणि तिच्या नाकपुड्या हळूच सैल पडल्या, पापण्या मिटल्या, दुपारी मिठाईला मिटल्या होत्या तशा, चांगले दोन श्वास, जणू या एका घोटासाठीच ती एवढ्या लांबवर आली होती. डावा गाल सपाट, शांत. तो त्या गालाकडे बघत राहिला; इतका सुंदर तो त्याला कधी दिसला नव्हता. ‘‘हा,’’ तो म्हणाला, आणि आवाजात पूर्वीचा, खरा भार आला. ‘‘तिन्हींत हाच. कुठे डाग नाही, कुठे खोट नाही. निर्मळ. माझ्या हातात असतं तर मी याच्यावर डोळे मिटून सही केली असती.’’ थोरल्यांनी किटलीवर लोकरीची टोपी परत चढवली. टोपीची दुमडलेली कड सारखी केली. मग ते त्याच्याकडे न पाहता समोर वळले. ‘‘आणि वहिनी, तुम्हाला?’’

‘‘मला काय कळतंय त्यातलं,’’ ती म्हणाली. ‘‘सांगा तरी,’’ थोरले म्हणाले. ‘‘आमची जीभ कामाने मरते. घरच्या माणसाची ताजी असते.’’ तिने नवऱ्याकडे पाहिले, आणि आता त्या चेहऱ्यावर काहीच झाकलेले नव्हते. मग तिने कप पुन्हा ओठांना लावला आणि चहा आवाज करून ओढला, नेमका तो ओढीत असे तसा, टाळूवर फिरवला, थांबली. डाव्या गालात खळगा पडला. जीभ एकदा वरच्या दातांवरून फिरली. तिने घोट गिळला नाही. मान खाली करून तो पुन्हा कपात सोडला, कप बशीत ठेवला, बशी थोडी पुढे, नवऱ्याच्या बाजूला, सरकवली आणि म्हणाली,

‘‘कुबट.’’